बालप्रेक्षक आणि प्राणिपट : भयाच्या मोजमापाचा इतिहास

ज्याचे नायक प्राणी असतात आणि ज्याचे कथानक प्रवास, पाठलाग, संकट व सुटका यांवर उभे असते, अशा साहसपटाला येथे सोयीसाठी प्राणिपट म्हटले आहे. असा चित्रपट लहान मुलांना दाखवावा की दाखवू नये, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो आणि बहुतेक घरांत तो तिकिटे काढतानाच निकालात निघतो. तथापि गेल्या शंभर वर्षांत हाच प्रश्न कायदेमंडळे, चित्रपट परीक्षण मंडळे, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळा आणि प्राणिरक्षक संस्था यांच्यापुढे पुन्हा पुन्हा आला, आणि त्याला मिळालेली उत्तरे एकमेकांशी जुळणारी नव्हती. ती कालक्रमाने लावून पाहिली असता असे दिसते की प्राणिपटाची मुलांच्या दृष्टीने तपासणी फार काळ झालीच नाही, कारण पडद्यावर माणसे नाहीत, खून-दरोडे नाहीत, प्रणय नाही, तेव्हा मुलांना अपाय होण्याचे कारण नाही, असे मोठ्या माणसांनी गृहीत धरले होते. मूल मात्र अंधारात बसून स्वतःला त्या पाडसाच्या, सशाच्या किंवा हत्तीच्या पिलाच्या जागी पाहत होते.

या गृहीतकाची मुळे चित्रपटाच्या जन्माच्या फार आधीची आहेत. पंचतंत्र, हितोपदेश आणि इसापनीती यांच्यामुळे प्राण्यांची गोष्ट म्हणजे मुलांची गोष्ट, हे समीकरण अनेक पिढ्यांच्या अंगवळणी पडले होते. मराठीपुरते पाहिले तरी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने छापली गेलेली ‘बालबोध मुक्तावली’ ही इसापाच्या गोष्टींचीच आहे आणि मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत तिची गणना होते. या गोष्टींत मृत्यू भरपूर आहे. लांडगा कोकराला खातो, सिंह बैलाला मारतो, परंतु हे सारे एका वाक्यात घडून जाते, कोकराला नाव नसते, त्याची आई कथेत येत नाही आणि लगेच पुढच्या ओळीत तात्पर्य येऊन ऐकणाऱ्याचे लक्ष त्या मृत्यूवरून काढून घेते. चित्रपटाने हीच सामग्री घेतली आणि तिची रचना पार बदलून टाकली. त्याने कोकराला चेहरा दिला, आवाज दिला, आई दिली, प्रेक्षकाला तासभर त्याच्या सहवासात ठेवले आणि त्यानंतर लांडग्याला आणले. प्राणिकथेच्या निरुपद्रवीपणाचा लौकिक तेवढा या नव्या माध्यमाकडे आयता चालत आला.

चित्रपटांच्या शासकीय नियंत्रणाची सुरुवात मुलांच्या मनाच्या काळजीतून झालेली नाही. ब्रिटनमधील 1909 चा कायदा प्रथमतः चित्रगृहांतील आगीच्या धोक्यासाठी होता, कारण त्या काळची फिल्म चटकन पेट घेणारी असे. त्या कायद्याने स्थानिक संस्थांना मिळालेल्या परवान्याच्या अधिकाराचा वापर पुढे आशयावरही होऊ लागला, तेव्हा चित्रपट व्यवसायाने 1912 मध्ये स्वतःचे परीक्षण मंडळ स्थापन केले. सर्वांना पाहण्यास योग्य तो ‘यू’ आणि प्रौढांना अधिक योग्य तो ‘ए’ अशा दोन वर्गांची पद्धत या मंडळाने रूढ केली. टी. पी. ओकॉनर अध्यक्ष असताना, पहिल्या महायुद्धाच्या काळात, कोणत्या कारणांसाठी दृश्ये कापावीत याची 43 कलमांची यादी तयार झाली आणि तिच्या आरंभीच्याच कलमांत प्राण्यांवरील क्रौर्य हा विषय होता. हिंदुस्थानात 1918 च्या कायद्यानुसार 1920 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे परीक्षण मंडळे आली. ती पोलीस प्रशासनाच्या छायेत काम करीत आणि त्यांची मुख्य चिंता राजसत्तेची प्रतिष्ठा, धार्मिक तेढ आणि गोऱ्या स्त्रियांचे पडद्यावरील चित्रण ही होती. सात वर्षांचे मूल वाघाची झेप पाहून रात्री दचकून उठेल का, हा विचार या मंडळांच्या कामकाजात बसणारा नव्हता. प्राण्यांवरील क्रौर्याचे कलमही मुख्यतः सार्वजनिक सभ्यतेच्या रक्षणासाठी होते. मुलाच्या भयाशी त्याचा संबंध जोडला गेला नव्हता.

मुलांच्या भयाकडे पहिल्यांदा पद्धतशीरपणे पाहिले गेले ते अमेरिकेत. पेन फंड या न्यासाच्या अर्थसाहाय्याने 1929 पासून पुढे चार वर्षे अनेक विद्यापीठांतील अभ्यासकांनी चित्रपट आणि मुले यांवर संशोधन केले आणि 1933 च्या सुमारास त्याचे खंड प्रसिद्ध झाले. यांपैकी दोन अभ्यास येथे महत्त्वाचे आहेत. ओहायो राज्यातील कोलंबस येथे एका बालसंस्थेतील मुलांच्या खाटांना एक उपकरण जोडण्यात आले, जे रात्रभर मुलाची प्रत्येक हालचाल नोंदवीत असे. मग काही संध्याकाळी मुलांना चित्रपट दाखवून त्या रात्रीच्या झोपेची तुलना एरवीच्या झोपेशी करण्यात आली. दुसऱ्या अभ्यासात प्रेक्षक मुलांच्या त्वचेच्या विद्युत्‌वाहकतेतील बदल मोजण्यात आले. घाबरल्यावर किंवा उत्तेजित झाल्यावर हाताला सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते, या तत्त्वावर ती मोजणी आधारलेली होती. एकच दृश्य निरनिराळ्या वयांच्या मुलांवर निरनिराळा परिणाम करते, लहान मुले धोक्याच्या प्रसंगांना मोठ्यांपेक्षा कितीतरी तीव्र प्रतिसाद देतात आणि काही मुलांच्या झोपेवर चित्रपटाचा परिणाम त्या रात्रीपुरता मर्यादित राहत नाही, असे या कामातून पुढे आले. या संशोधनाच्या पद्धतींवर नंतर बरीच टीका झाली आणि ती पुष्कळ अंशी रास्त होती. पण मुलाला काय वाटले हे त्याच्या वर्तनावरून आणि शरीरावरून शोधले पाहिजे, मोठ्यांच्या अभिरुचीवरून ठरवता येणार नाही, ही दृष्टी या प्रकल्पाने दिली, आणि तिचे मोल कमी लेखता येत नाही.

ही दृष्टी परीक्षण मंडळांपर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागला, आणि पोहोचली तेव्हाही ती प्राणिपटाला लागू झाली नाही. डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ 1938 मध्ये ब्रिटनमध्ये आला, तेव्हा चेटकीण आणि अरण्यातील भयावह दृश्ये यांमुळे मंडळाने त्याला ‘ए’ प्रमाणपत्र दिले आणि अनेक स्थानिक संस्थांनी आपल्या अधिकारात ते बाजूला सारून मुलांना प्रवेश दिला. त्यानंतर चारच वर्षांनी, ऑगस्ट 1942 मध्ये, ‘बांबी’ प्रदर्शित झाला. व्हिएन्नाचे लेखक फेलिक्स साल्टन यांच्या 1923 च्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात चेटकीण नाही, राक्षस नाही, रक्ताचा थेंबही नाही. हिवाळ्याच्या अखेरीस हरिणी आपल्या पाडसाला घेऊन उघड्या माळावर येते, बर्फातून डोकावणारे कोवळे गवत दोघे खाऊ लागतात, एकाएकी तिची मान वर होते, ती पाडसाला पळायला सांगते, मागे वळून पाहू नकोस असे बजावते, आणि गोळीचा आवाज येतो. पाडस झाडीत सुखरूप पोहोचते आणि आई मागे नाही हे त्याच्या लक्षात येते. शिकारी दिसत नाही, मृत हरिणीही दिसत नाही. निर्मितीच्या काळात आईवर गोळी लागल्याचे दाखवावे असाही विचार झाला होता, तो सोडून देण्यात आला. आणि न दाखवल्यामुळेच तो प्रसंग मुलांच्या मनात अधिक खोल गेला असे मानण्यास जागा आहे, कारण पाडसाबरोबर प्रेक्षक मूलही तिची वाट पाहत राहते. हे दृश्य पाहून पिढ्यान्‌पिढ्या मुले रडली. तरीही त्या वेळचा गाजलेला जाहीर आक्षेप मुलांच्या बाजूने आलेला नव्हता. तो आला शिकारविषयक मासिकाच्या संपादकाकडून, आणि चित्रपटाने अमेरिकेतील शिकाऱ्यांचा अवमान केला, असे त्याचे स्वरूप होते.

ज्या प्राण्यांचे चित्रीकरण होते त्या प्राण्यांचे काय, हा या इतिहासाचा दुसरा पदर आहे, आणि मुलांसाठी चित्रपट योग्य की अयोग्य हे ठरवताना तो वगळता येत नाही. हॉलिवूडमध्ये 1936 च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’च्या चित्रीकरणात धावत्या घोड्यांच्या पायांत तारा अडकवून त्यांना पाडण्याची रीत वापरली गेली आणि अनेक घोडे दगावले, 1939 च्या ‘जेसी जेम्स’मध्ये एका घोड्याला कड्यावरून पाण्यात लोटण्यात आले आणि तो मेला. या दुसऱ्या घटनेनंतर झालेल्या निषेधामुळे अमेरिकेत चित्रीकरणस्थळी प्राणिरक्षक संस्थेच्या देखरेखीची पद्धत 1940 पासून सुरू झाली. ब्रिटनने त्याआधीच, 1937 मध्ये, चित्रपटातील प्राण्यांविषयी स्वतंत्र कायदा केला होता: चित्रीकरणासाठी प्राण्याला क्रूरपणे वेदना किंवा दहशत दिली गेली असेल, किंवा त्याला डिवचून खवळवले गेले असेल, तर ते दृश्य दाखवण्यासच मनाई, असा तो कायदा होता आणि आजही त्याच्या आधारे दृश्ये कापली जातात. 

याहून अवघड प्रश्न निसर्गपटांनी उभा केला. ‘व्हाइट विल्डरनेस’ या डिस्नेच्या 1958 च्या चित्रपटाला माहितीपटाचा ऑस्कर मिळाला. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी झुंडीने कड्यावरून उड्या टाकून सामूहिक आत्मघात करतात असे दाखवले होते. कॅनडाच्या दूरचित्रवाणीने 1980 च्या दशकाच्या आरंभी केलेल्या शोधात उघड झाले की ते प्राणी दुसऱ्या प्रांतातून आणून जेथे ते मुळात आढळतच नाहीत अशा ठिकाणी सोडले होते, त्यांची मोठी झुंड भासवण्यासाठी फिरत्या चकतीचा उपयोग केला होता आणि त्यांना खाली ढकलण्यात आले होते. हा चित्रपट शाळाशाळांतून ज्ञानाचे साधन म्हणून दाखवला गेला. त्यातून मुलांना मिळालेली माहिती खोटी होती आणि ती मिळवण्यासाठी प्राण्यांचे जीव गेले होते. कोणत्याही परीक्षण मंडळाला त्यात आक्षेपार्ह असे एकही दृश्य सापडले नसते, आणि म्हणूनच केवळ पडद्यावर काय दिसते यावरून निवाडा देण्याची मर्यादा या उदाहरणात स्पष्ट होते.

मुलांसाठी मुद्दाम चित्रपट काढावेत ही कल्पना ब्रिटनमध्ये ज्या व्यक्तीने सर्वाधिक जिद्दीने राबवली, त्या मेरी फील्ड मूळच्या निसर्गपटांच्या क्षेत्रातल्याच होत्या. ‘सीक्रेट्स ऑफ नेचर’ या पशुपक्षी-वनस्पतींवरील लघुपटमालेत त्यांनी दीर्घकाळ काम केले होते आणि 1944 पासून त्यांनी बालचित्रपटांच्या विभागाची धुरा सांभाळली. अंधाऱ्या चित्रगृहात अवरक्त किरणांच्या साहाय्याने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात, प्रेक्षक मुलांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे घेण्याची त्यांची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. कोणत्या क्षणी मुले पुढे सरसावतात, कोणत्या क्षणी तोंड झाकून घेतात, कोठे त्यांचे लक्ष उडते, हे त्या छायाचित्रांतून थेट दिसे. परीक्षकाने पडद्याकडे पाठ करून बसावे आणि मुलांकडे पाहावे, असाच या पद्धतीचा अर्थ होतो, आणि ती नंतरच्या परीक्षण मंडळांनी नियम म्हणून स्वीकारली असती तर पुढच्या पुष्कळ चुका टळल्या असत्या.

भारतात हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली 1955 मध्ये बालचित्रपट संस्था स्थापन झाली, पुढच्याच वर्षी केदार शर्मा यांचा ‘जलदीप’ तयार झाला, आणि नंतरच्या दशकांत मूल आणि प्राणी यांच्या मैत्रीवरचे अनेक चित्रपट या संस्थेने काढले; मुंबईच्या रस्त्यांवर हरवलेले कुत्र्याचे पिल्लू शोधणाऱ्या मुलीची गोष्ट सांगणारा संतोष शिवन यांचा ‘हेलो’ हा त्यांतलाच. ही संस्था 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. तिचे चित्रपट सामान्य चित्रगृहांत फारसे पोहोचले नाहीत आणि मराठी-हिंदी घरांतील मुलांनी जे प्राणिपट पाहिले ते बहुतेक व्यावसायिक होते. त्यांच्या वर्गवारीसाठी भारतात 1949 च्या दुरुस्तीने ‘यू’ आणि ‘ए’ असे दोन वर्ग आले, 1951 मध्ये केंद्रीय मंडळ आले आणि 1952 च्या कायद्यानेही तेच दोन वर्ग कायम ठेवले. दोनच वर्ग असल्याचा परिणाम असा झाला की जो चित्रपट अठरा वर्षांखालील सर्वांना बंद करण्याइतका गंभीर नाही, तो आपोआप चार वर्षांच्या मुलालाही योग्य ठरू लागला. ‘हाथी मेरे साथी’ 1971 मध्ये आला आणि आईवडील मुलांना हौसेने घेऊन गेले; चित्रपटभर हसवणारा, खेळणारा, घर सांभाळणारा रामू हत्ती अखेरीस बंदुकीच्या गोळीला बळी पडतो आणि त्याच्या मृत्यूवर चित्रपट संपतो. त्या पिढीतील असंख्य प्रेक्षकांना गाण्यांच्या जोडीने तो मृत्यू आठवतो. हा चित्रपट मुलांना दाखवू नये असे म्हणता येणार नाही, पण पाच वर्षांचे आणि अकरा वर्षांचे मूल तो मृत्यू सारखाच पेलू शकते असे मानणारी वर्गवारी अपुरी होती, एवढे निश्चित म्हणता येते. ही उणीव 1983 मध्ये अंशतः दूर झाली. बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा ‘यूए’ वर्ग तेव्हा आला. पुढे 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्राण्यांवरील क्रौर्याच्या दृश्यांचा स्पष्ट उल्लेखही झाला.

या साऱ्या इतिहासात एखादा निर्णय मुळापासून अभ्यासण्याजोगा असेल तर तो ‘वॉटरशिप डाउन’चा. रिचर्ड अ‍ॅडम्स यांच्या 1972 च्या कादंबरीवर मार्टिन रोझेन यांनी काढलेला हा व्यंगचित्रपट 1978 मध्ये ब्रिटिश मंडळापुढे आला. आपली वसाहत नष्ट होणार या भाकितावर विश्वास ठेवून काही ससे नव्या घराच्या शोधात निघतात, एवढेच त्याचे कथानक. परंतु त्यात एक ससा तारेच्या फासात अडकून तोंडातून रक्तमिश्रित फेस येईपर्यंत तडफडतो, बिळांची तोंडे बंद झाल्याने आतले ससे गुदमरून एकमेकांवर चढतात, आणि शेवटी ससे व कुत्रा यांची रक्तबंबाळ झुंज होते. मंडळाने त्याला ‘यू’ दिले. परीक्षकांचा युक्तिवाद असा होता की चित्र रेखाटलेले असल्यामुळे रक्तपाताचा वास्तव थरार त्यातून निघून जातो, आणि चित्रपट चालू असताना मुले हेलावली तरी कथेची मोहिनी उतरल्यावर त्यांना त्याचा गंभीर त्रास होणार नाही. या युक्तिवादात प्राणिकथेच्या निरुपद्रवीपणाची जुनी समजूत आणि व्यंगचित्र म्हणजे मुलांचा खेळ ही नवी समजूत एकत्र आल्या होत्या. पालकांच्या तक्रारी पुढे दशकानुदशके येत राहिल्या.

परीक्षक कोठे चुकले हे समजण्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोआन कँटर यांचे संशोधन उपयोगी पडते. त्यांनी 1980 च्या दशकापासून मुलांच्या माध्यमजन्य भयाचा वयोगटांनुसार अभ्यास केला. साधारण सात वर्षांपर्यंतचे मूल मुख्यतः दिसण्याला घाबरते: विद्रूप चेहरा, अचानक होणारे रूपांतर, सुळे, झेप, मोठा आवाज. त्याला हे खरे नाही असे समजावून उपयोग होत नाही, कारण दिसते ते आणि असते ते यांतला फरक त्याच्या विचारात अजून पक्का झालेला नसतो. जवळ घेणे, हात धरणे, डोळे झाकू देणे यांनी त्याला धीर येतो. सात-आठ वर्षांनंतर भयाचे केंद्र सरकते. मोठे मूल राक्षसाला हसते, पण जे आपल्या आयुष्यात घडू शकेल, म्हणजे आईचा मृत्यू, घर सुटणे, पाळलेला कुत्रा पिसाळणे, त्याने ते अस्वस्थ होते, आणि त्याला मात्र बोलून समजावता येते. या कसोटीवर पाहता प्राणिपटाची अडचण उघड होते: तो दोन्ही वयांच्या भयाला एकाच वेळी हात घालतो. लहानग्याला वाघाची झेप घाबरवते आणि त्याच्या शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीला पिलाचे पोरकेपण. हे पोरकेपण अपवादाने येणारे नाही. डिसेंबर 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत मुलांच्या 45 व्यंगचित्रपटांतील प्रमुख पात्रांचा मृत्युधोका प्रौढांच्या चित्रपटांतील प्रमुख पात्रांच्या सुमारे अडीचपट आणि त्यांतील आईवडिलांचा पाचपटीहून अधिक आढळला.

मार्च-एप्रिल 2016 मध्ये दोन देशांत हा वाद जवळजवळ एकाच वेळी उफाळून आला. ब्रिटनमध्ये 27 मार्चला, ईस्टरच्या रविवारी दुपारी, एका वाहिनीने ‘वॉटरशिप डाउन’ दाखवला आणि संतप्त पालकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. आजच्या निकषांवर त्याला वरचा वर्ग मिळाला असता, असे मंडळाच्या प्रमुखांनी मान्य केले. भारतात 8 एप्रिलला जॉन फॅव्हरो यांचा ‘द जंगल बुक’ प्रदर्शित झाला. मोगलीचे जंगल ज्या सिवनीचे, तिच्या शेजारचे पेंच अरण्य नागपूर जिल्ह्यात उतरलेले आहे, आणि दूरदर्शनवरच्या 1990 च्या दशकातील जपानी मालिकेमुळे मोगली येथे घरचाच झाला होता. त्या मालिकेतल्या शेरखान वाघाला हिंदीत नाना पाटेकरांचा आवाज होता आणि नव्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही तोच होता. अशा चित्रपटाला केंद्रीय मंडळाने ‘यूए’ दिले आणि त्रिमितीत प्राणी अंगावर झेपावल्यासारखे वाटतात, मुले घाबरतील, असे कारण अध्यक्ष पहलाज निहलानी यांनी सांगितले, तेव्हा देशभर त्यांची खिल्ली उडवली गेली.

निहलानी यांच्या कारकिर्दीतील अनेक निर्णय टीकेस पात्र होते, परंतु हा निर्णय बरोबर होता. त्याच चित्रपटाला ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पालकांच्या मार्गदर्शनाचाच वर्ग मिळाला होता. डिस्नेच्या 1967 च्या ‘जंगल बुक’मधला शेरखान शेपटीला जळती फांदी बांधली जाताच पळून जातो; 2016 चा शेरखान लांडग्यांचा म्होरक्या अकेला याला कड्यावरून फेकून ठार करतो, मोगलीच्या बापाला मारताना दिसतो आणि उंच गवतातून विनासूचना झेप घेतो. त्यातील एकही प्राणी खरा नव्हता, सारे संगणकावर घडवलेले होते, त्यामुळे कोणत्याही वाघाला वा लांडग्याला चित्रीकरणाचा त्रास झाला नाही, ही आनंदाची बाब आहे. पण त्याच तंत्राने रेखाटलेल्या चित्राचे अंतर पुसून टाकले, आणि 1978 च्या परीक्षकांनी ज्या अंतराच्या भरवशावर सशांना ‘यू’ दिले होते ते येथे उरलेच नव्हते. निहलानी यांच्यावरील टीकेत मोगलीवरचे मोठ्यांचे प्रेम बोलत होते. पहिल्यांदाच चित्रगृहात आलेल्या पाच वर्षांच्या मुलाची बाजू त्यात कोणी मांडली नाही.

यानंतरचे बदल वयाच्या दिशेने झाले आहेत. श्याम बेनेगल समितीने 2016 मध्येच ‘यूए’ वर्गाची वयानुसार विभागणी सुचवली. 2021 च्या नियमांनी घरबसल्या पाहायच्या ऑनलाइन चित्रपट-मालिकांना 7, 13 आणि 16 या वयांचे टप्पे लावले आणि 2023 च्या दुरुस्तीने तेच टप्पे चित्रगृहांतील चित्रपटांनाही लागू केले. ब्रिटनमध्ये ‘वॉटरशिप डाउन’ 2022 मध्ये पुन्हा तपासला गेला आणि 44 वर्षांनी त्याचे ‘यू’ काढून त्याला ‘पीजी’ देण्यात आले. तेथे ‘यू’ म्हणजे चार वर्षांपुढील मुलांना साधारणपणे योग्य, आणि ‘पीजी’ म्हणजे आठ वर्षांच्या आसपासच्या मुलाला अस्वस्थ न करणारा, असा अर्थ मंडळाने जाहीर केलेला आहे. नेदरलँड्सने 2001 पासून वयाच्या आकड्याबरोबर कारणही चिन्हांनी दाखवायला सुरुवात केली आणि त्यात भयासाठी कोळ्याचे स्वतंत्र चिन्ह ठेवले. हिंसा वेगळी आणि भय वेगळे, एकही ठोसा न मारता चित्रपट मुलाला घाबरवू शकतो, ही जाण इतक्या साध्या रीतीने अन्यत्र क्वचितच व्यक्त झाली आहे.

भारतातील 7, 13 आणि 16 हे आकडे पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत आणि चित्रगृहाचा द्वारपाल त्यांच्या आधारे कोणाला अडवत नाही, तेव्हा निर्णयाचा सारा भार पालकांवर येतो. तो त्यांनी नीट उचलावा अशी अपेक्षा असेल, तर नुसता आकडा त्यांना पुरणार नाही. पिलाची आई मरते, पाळलेला प्राणी मरतो, शिकारी प्राण्याच्या अचानक झेपा आहेत, शेवटी पिल्लू सुखरूप घरी पोहोचते, अशी दोन ओळींची नोंद प्रमाणपत्राशेजारी, भित्तिपत्रकावर आणि तिकीट काढण्याच्या ठिकाणी, त्या त्या राज्याच्या भाषेत ठळकपणे छापणे केंद्रीय मंडळाने बंधनकारक करावे. महाराष्ट्रात ती मराठीत असावी.